एकवीरेच्या दर्शनाला जाताना

चैत्र लागला की आमच्या उपनगरात दोन गोष्टींची चाहूल एकदम लागते. एक म्हणजे ठिकठिकाणच्या वसंत व्याख्यानमालांची आणि दुसरी कार्ल्याच्या एकवीरादेवीच्या यात्रेची. व्याख्यानाला येणारी मंडळी वेगळी आणि यात्रेला जाणारी वेगळी, असे पुष्कळांस वाटते. आमचा अनुभव तसा नाही. सायंकाळी खुर्चीवर बसून इतिहासाचे व्याख्यान ऐकणारे गृहस्थच आठवड्याने गुलाल लावून कार्ल्याच्या पायऱ्या चढताना आम्हांस दिसले आहेत. मात्र ऐकलेला इतिहास आणि चढलेल्या पायऱ्या यांची गाठ मनात पडलेली नसते. ती पडावी, एवढ्याच हेतूने हा विषय येथे घेतला आहे.

विषयाचे निमित्तही सांगितले पाहिजे. चारकोपची आमची वसाहत मोठी मजेदार आहे. खाडी आणि तिवरांची झाडी यांच्या कडेला जुने चारकोप गाव होते. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने त्याच्या भोवती लहान लहान भूखंड पाडले, आणि साधारण पस्तीस-पस्तीस घरांच्या सहकारी संस्था करून प्रत्येकीला मधोमध एक सामायिक अंगण दिले. त्या अंगणाभोवती कोकणातला, घाटावरचा, खानदेशातला, विदर्भातला असा सगळा महाराष्ट्र दाटीवाटीने येऊन बसला. अशाच एका संस्थेतील आम्ही वीस-बावीस माणसे एका चैत्रात मोठी मोटार ठरवून एकवीरेला गेलो. त्यांत मनोरीकडची एक कोळी आजी होती, तिची लेक-सुना होत्या, आणि शेजारचे एक सेवानिवृत्त बौद्ध गृहस्थही होते. त्यांना देवीचे दर्शन घ्यावयाचे नव्हते. कार्ल्याचे चैत्यगृह पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

नेमकी सप्तमी, पालखीचा दिवस. रांग डोंगराच्या निम्म्या वाटेपर्यंत आलेली. दर्शन होऊन बाहेर पडेपर्यंत दिवस कलला, आणि लेण्याचे दार बंद झाले. शेजारी बिचारे दारापासून वीस पावलांवर येऊन परतले. उतरताना कोणा तरुणाने सहज विचारले, "लेण्याच्या तोंडावरच देऊळ का हो बांधले?" झाले! एकाने सांगितले, सगळे पांडवांनी एका रात्रीत कोरले, देऊळही आणि लेणेही. दुसरा म्हणाला, लेणे आधीचे, देऊळ मागाहून घुसले. तिसऱ्याने उलट सांगितले. खालापूरपर्यंत आवाज चढलेले होते, पनवेलच्या पुढे सगळे गप्प झाले, आणि चारकोपला उतरल्यावर अंगणात नेहमीसारखा कोणी कोणाचा निरोपही घेतला नाही. पस्तीस घरांच्या अंगणात असला अबोला फार बोचतो. म्हणून या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांस वाचून, विचारून आणि पुन्हा जाऊन सापडले, ते शांतपणे मांडावे असे ठरविले.

प्रथम देवीचा विचार करू. एकवीरा हे रेणुकेचे रूप मानतात. जमदग्नीची पत्नी, परशुरामाची माता. पित्याच्या आज्ञेवरून मातेवर परशू चालविणारा आणि वर मागताना तिचेच प्राण परत मागणारा हा पुत्र. अशा एका वीराची आई ती एकवीरा, असा नावाचा अर्थ सांगतात. याच परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकणची भूमी निर्माण केली अशी कथा आहे. तेव्हा ज्या भूमीवर आपण उपनगरवासी राहतो तिच्या निर्मात्याची ही आई, हे नाते कथेच्या अंगाने का होईना, लक्षात ठेवण्याजोगे आहे. रेणुकेचे मोठे पीठ माहूरगडावर आहे. एकवीरा या नावाची देवळे धुळ्यास पांझरेकाठी आणि अमरावतीस अंबादेवीच्या शेजारीही आहेत. पण मुंबई, ठाणे, रायगड या किनारपट्टीच्या माणसाने 'आई एकवीरा' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो कार्ल्याचाच डोंगर.

महाराष्ट्रातील देवींना डोंगरांची आवड फार. साडेतीन पीठांपैकी कोल्हापूरची महालक्ष्मी सोडली, तर तुळजाभवानी बालाघाटाच्या कुशीत, रेणुका माहूरच्या गडावर आणि सप्तशृंगी तर थेट वणीच्या कड्यात. शेतकरी ज्या डोंगरातून पाणी उतरते तिकडे तोंड करून हात जोडतो, गुराखी ज्या माथ्यावरून वाट दिसते तेथे दगडाला शेंदूर लावतो. पुढे त्या दगडाला देऊळ येते, देवळाला पायऱ्या येतात, पायऱ्यांना दुकाने येतात. आपण शेवटचे आधी पाहतो आणि पहिले विसरतो.

कार्ल्याची देवी शेंदूरचर्चित आहे, मोठ्या डोळ्यांची आहे, आणि भक्त तिला स्वयंभू मानतात. शेजारी जोगेश्वरीची मूर्ती आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कितीतरी घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. वर्षात दोन मोठे उत्सव असतात, आश्विनातले नवरात्र आणि चैत्रातली यात्रा. चैत्रातील यात्रेचा क्रम ठरलेला आहे. शुद्ध षष्ठीला जवळच्या देवघर गावी देवीचा भाऊ मानल्या जाणाऱ्या काळभैरवनाथाची यात्रा, सप्तमीला देवीची पालखी, अष्टमीला तेलवण. मुंबई-ठाण्याच्या कोळीवाड्यांतून आणि रायगडातील गावांतून पायी पालख्या निघतात. बँडवर कोळीगीते वाजत असतात, बायकांच्या डोक्यांत अबोलीचे गजरे असतात, आणि ओटीचे खण-नारळ, साडीचोळी सांभाळीत घरची म्हातारी माणसे मागून येत असतात. नवस फेडावयाचे असतात, नव्या नवरानवरीला पायांवर घालावयाचे असते, बाळाचे जावळ काढावयाचे असते. पायथ्याशी उतरून चुली मांडायच्या, देवीच्या नावाने सामिष नैवेद्य करावयाचा आणि नातलगांना पंक्तीला बसवायचे, ही जुनी रीत आहे. देवीच्या निमित्ताने वर्षभर न भेटलेली भावकी भेटते, आणि पुष्कळ सोयरिकी त्या चुलीपाशीच जमतात.

ही यात्रा चैत्रातच का भरते, याचे एक कारण समुद्रात सापडते. माघ-फाल्गुनापर्यंत मासेमारी जोरात असते. चैत्र-वैशाखात ती उतरणीला लागते, आणि पावसाच्या तोंडाला होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. आता तर १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदीच असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नवा हंगाम धरावयाचा हा रिवाज आहे. म्हणजे हंगामात पदरी पडले त्याबद्दल आईपुढे माथा टेकावयाचा आणि येणारा पावसाळा सुखरूप जावो असे मागणे मागावयाचे, याला चैत्राइतका सोयीचा महिना नाही. हातात थोडा पैसा आहे, वाट कोरडी आहे आणि दिवस मोठे आहेत. पंचांग आणि पोट यांचा असा मेळ आपल्या बहुतेक यात्रांत सापडतो.

आता लेण्याकडे वळू. देवळाच्या अंगणात उभे राहिले की शेजारीच कातळात कोरलेली भव्य कमान दिसते. कार्ल्याला लहानमोठी सोळा लेणी आहेत, आणि त्यांतले हे मुख्य चैत्यगृह भारतातील सर्व खोदीव चैत्यगृहांत मोठे आहे. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी व उंची प्रत्येकी ४५ फुटांच्या आसपास. आत एकंदर ३७ खांब. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी. टोकाला स्तूप, आणि त्याच्यावर लाकडी छत्र. हे सगळे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदले गेले. पांडवांची कथा गोड आहे, पण येथे खोदणारांनी आणि पैसे देणारांनी आपली नावे स्वतःच भिंतीवर लिहून ठेवली आहेत. तेव्हा त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आत गेल्यावर वर पाहावे. छताला सागाच्या वाकविलेल्या लाकडी फासळ्या बसविल्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाच्या आधाराची गरज ती काय? गरज मुळीच नाही. पूर्वी अशी प्रार्थनागृहे लाकडाची बांधीत. तेच रूप दगडात आणताना कारागिरांना फासळ्यांवाचून ते घर पुरे वाटेना. जुन्या घराची आठवण म्हणून त्यांनी त्या घातल्या, आणि त्यांतल्या कितीतरी जवळजवळ दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत. चारकोपला पत्र्याचे घर पाडून सिमेंटचे बांधताना जुन्या घराची चौकट नव्या घरात बसविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

भिंतीवरचे लेख वाचले म्हणजे तर एखाद्या बाजारपेठेत शिरल्यासारखे वाटते. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी, तेथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले, आणि जंबुद्वीपात याच्यासारखे दुसरे नाही असे अभिमानाने कोरून ठेवले. दारापुढचा सिंहस्तंभ महारठी गोतिपुत्र अग्निमित्रणक याने दिला. धेनुकाकट नावाच्या गावचे व्यापारी तर जागोजाग भेटतात. त्यांतला एक सिंहदत्त हा अत्तरे-सुगंध विकणारा गंधी होता, त्याने दाराचा खर्च केला. दाराचे काम करणाऱ्या सुताराचेही नाव आहे. याच धेनुकाकटचे कित्येक यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा तसे म्हणविणारे लोक, एकेका खांबाचे दाते आहेत. आणि आम्हां उपनगरवासीयांनी विशेष लक्ष द्यावे असा एक दाता सोपाऱ्याचा आहे. सातिमित या नावाच्या सोपाऱ्याच्या उपदेशकाने एक खांब दिला आणि त्यात पवित्र धातू ठेवला. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. बोरिवलीहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर.

सोपाऱ्याचा माणूस कार्ल्याच्या डोंगरात खांब का देतो? येथे आपल्या प्रश्नाची खरी किल्ली आहे. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची बंदरे. समुद्रातून आलेला माल सह्याद्री चढून देशावर जावयाचा, आणि देशावरचा माल खाली उतरावयाचा. जुन्नरकडे नाणेघाट आणि इकडे बोरघाट, या त्या वाटा. बोरघाट चढून वर आले की इंद्रायणीचे सपाट खोरे लागते, आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. घाट चढून थकलेल्या तांड्याला मुक्काम हवा, पाणी हवे, चोराचिलटांपासून निर्धास्त अशी जागा हवी. भिक्षूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहावयास निवारा हवा, आणि भिक्षा देणारी माणसेही हाकेच्या अंतरावर हवीत. दोघांची गरज एकाच डोंगराने भागविली. घाटमाथ्याचा घट्ट, एकसारखा काळा कातळ कोरणाराला अनुकूल होताच. पायथ्याच्या वेहेरगावचे नावही विहार या शब्दावरून आले असे सांगतात.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे मोठे गणिती आणि इतिहासकार. पुण्याभोवतीच्या डोंगरवाटा त्यांनी पायांखाली घातल्या होत्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. लोकांच्या मातृदेवतांची जुनी ठाणी पुष्कळदा वाटांच्या सांध्यावर आढळतात, आणि बौद्ध लेणीही त्याच वाटांना धरून आहेत. म्हणजे देवी आणि भिक्षू हे दोघेही वाटेचे शेजारी. बंदरातून मीठ आणि सुकी मासळी वर जावयाची, वरून धान्य खाली यावयाचे. अशा वाटेवर ये-जा करणारा किनाऱ्याचा माणूस घाट सुखरूप चढल्यावर पहिल्या डोंगरावरच्या आईला हात जोडील, यात नवल ते काय? आज तिला कुलस्वामिनी म्हणणारी इतकी घराणी समुद्रकाठची का, याचे आम्हांस पटणारे उत्तर हे आहे. वाट राहिली, म्हणून नातेही राहिले.

ही वाट तर आजही चालूच आहे. १८३० साली बोरघाटातून इंग्रजांनी गाडीरस्ता काढला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चढली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलांच्या तांड्याने निवडलेल्या खिंडीतूनच या सगळ्यांना जावे लागले. चारकोपहून कांदिवली, दादर, लोणावळा आणि मग मळवली असा प्रवास करणारा यात्रेकरू सोपाऱ्याच्या त्या सातिमिताच्याच मार्गाने जात असतो, फक्त त्याच्या हातात लोकलचे तिकीट असते.

मग आधी कोण, देवी की लेणे? आजचे लेणे दोन हजार वर्षांचे आहे, आणि आजची देवळाची इमारत त्याच्या कितीतरी मागची आहे, यात शंका नाही. चैत्यगृहापुढे दोन सिंहस्तंभ असावेत, त्यांतला एक उभा आहे आणि दुसऱ्याच्या जागी देऊळ आले, असे अभ्यासक मानतात. इतके स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. श्रद्धा दुखावेल म्हणून हे दडपणे बरे नव्हे, आणि देवीची थोरवी त्याने उणावत नाही. परंतु देवळाची इमारत नवी म्हणून देवीची पूजाही नवी, असे मात्र म्हणता येत नाही. बिनदेवळाच्या शेंदरी दगडाला शिलालेख नसतो. कोळ्याच्या बायकोने नवस बोलून वाहिलेल्या नारळाची नोंद कोणी कातळावर केली नाही. तेव्हा ज्याने लिहिले तोच तेथे होता, आणि ज्याला लिहिता येत नव्हते तो नव्हताच, असा निकाल देणे न्यायाचे होणार नाही. भिक्षू लेणे सोडून गेल्यानंतरही शतकानुशतके या डोंगरावर माणसांचे पाऊल पडत राहिले, याचे श्रेय देवीच्या भक्तांना आहे. कोसंबींनी तर नोंदविले आहे की भाविकांनी चैत्यगृहातील स्तूपालाही देवीचेच रूप मानले. म्हणजे भोळ्या भक्ताने स्तूपाला परके समजून पाठ फिरविली नाही. त्याला त्याचा मूळ अर्थ ठाऊक नव्हता, पण त्याने हात मात्र जोडले.

या बाबतीत भिंतीवरचा आणखी एक लेख आम्हांस फार मोलाचा वाटतो. क्षहरात नहपानाचा जावई, दिनीकाचा पुत्र उषवदात याने वलूरकच्या, म्हणजे या कार्ल्याच्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले. ते चारी दिशांच्या संघाला दिले, म्हणजे अमक्या गटाच्यालाच असा भेद केला नाही. आणि त्याच लेखात त्याच्या इतर पुण्यकृत्यांची यादी आहे. तीन लाख गाईंचे दान, बनास नदीवर सुवर्णदान आणि घाट, आणि देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे. बौद्ध लेण्याच्या भिंतीवर देवाब्राह्मणांना दिलेल्या गावांचा उल्लेख कोरताना त्याला संकोच वाटला नाही, आणि तो कोरू देताना भिक्षूंनाही वाटला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जी गोष्ट एका भिंतीवर सुखाने मावली, ती आमच्या मोटारीत मावू नये, याची आम्हांस मनातून लाज वाटली.

असे शेजार पाहावयास कार्ल्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. बोरिवलीचे मंडपेश्वर पाहा. मूळचे ते शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथे चर्च केले. मराठ्यांनी साष्टी घेतल्यावर तेथे पुन्हा शिवाची पूजा आली, आणि चर्चचे भग्नावशेष आजही माथ्यावर उभे आहेत. कान्हेरी पाहा. तेथले मोठे चैत्यगृह कार्ल्याचाच नमुना पुढे ठेवून दुसऱ्या शतकात कोरले गेले. त्याच्या दात्यांतही दूरदूरचे व्यापारी आहेत. वांद्र्याच्या टेकडीवरील मोतमाउलीच्या जत्रेत ख्रिस्ती माणसांच्या बरोबरीने हिंदू कोळणी मेणबत्त्या लावताना दिसतात. उपनगरातल्या माणसाला एका डोंगरावर दोन दैवते ही गोष्ट नवी वाटावयाचे कारण नाही.

एवढे सांगितल्यावर यात्रेला कसे जावे, याविषयी चार शब्द बोललेच पाहिजेत. घरात वृद्ध माणूस असेल आणि नवस पालखीचाच नसेल, तर सप्तमीचा हट्ट धरू नये. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळच्या गाडीने निघावे. निम्म्या चढापर्यंत वाहन जाते, पुढे पायऱ्या आहेतच. त्या सावकाश चढाव्यात. लेणे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून ते संरक्षित स्मारक आहे. त्याचे तिकीट काढावे लागते आणि ते सूर्यास्ताच्या आधीच बंद होते. तेव्हा दर्शनाची रांग लांब दिसली तर लेणे आधी पाहून घ्यावे, आई रागावणार नाही. देऊळ आणि चैत्य दोन्ही पश्चिमेकडे तोंड करून आहेत. तिसऱ्या प्रहरी मोठ्या कमानीतून ऊन आत शिरते आणि स्तूपापर्यंत उजेड जातो, तो पाहण्यासारखा असतो. चैत्यात उदबत्त्या, कापूर लावू नये, गुलाल उधळू नये, हत्तींच्या सोंडांवर मुलांना बसवू नये. भिंतीवर नाव कोरण्याचा मोह ज्याला होईल त्याने एवढेच आठवावे, की तेथे नावे असलेल्या दात्यांनी आधी खांब, दार किंवा गाव असे काही दिले होते. ओटीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आपल्याबरोबर खाली आणाव्यात. समोरच्या अंगाला, मळवलीच्या पलीकडे भाजे आहे, वर लोहगड-विसापूर आहेत. ज्याला पाय आहेत त्याने तेही पाहावे.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा कार्ल्याला गेलो, ते श्रावणापूर्वीच्या एका बुधवारी. या वेळी माणसे सहाच होती. आजींना घेतले होते, आणि शेजाऱ्यांना तर आग्रहाने घेतले होते. त्यांनी शिलालेखांचे मराठी अर्थ एका वहीत उतरवून आणले होते. आधी लेणे पाहिले. आत पाऊस-ढगांचा मंद उजेड होता, आणि वटवाघळांच्या फडफडीखेरीज आवाज नव्हता. शेजारी स्तूपापुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग एकेका खांबापाशी थांबून वहीतून वाचू लागले. कोणाचा कोणता खांब, कोण कोठला. आजी खाली बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होत्या. सोपाऱ्याचे नाव आले तशा त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्याच बाजूचा होता की तो. बंदरावरनं आला आसंल, आमच्यासारखाच." शेजारी हसले आणि म्हणाले, "हो आजी, तुमच्याच बाजूचा. चालत आला असेल."

मग आम्ही देवळात गेलो. रांग नव्हती. आजींनी ओटी भरली. शेजारी बाहेर अंगणात सिंहस्तंभापाशी थांबले होते, आणि आजींच्या चपला व छत्री त्यांनी सांभाळली होती. आजींनी बाहेर येऊन त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो त्यांनी घेतला. उतरताना पायऱ्या ओल्या होत्या. आजींनी एका बाजूने कठडा धरला आणि दुसऱ्या बाजूने त्यांचा हात.

त्या रात्री चारकोपच्या अंगणात बराच वेळ गप्पा चालल्या होत्या. येत्या चैत्रात जाणारांची यादी त्याच रात्री झाली. सप्तमी टाळावयाची आणि लेणे आधी पाहावयाचे, असेही ठरले.